बिनमिठाचा जवळा

आधी माफी मागतो. स्वयंपाकावर लिहायचा मला काही अधिकार नाही. मला चहा येतो आणि कुकर लावता येतो, तोही आई ओटीवरून शिट्ट्या मोजते म्हणून. लिहिण्याचा अधिकार त्याहून कमी. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाबा खाडीत जाळं टाकतात, आई सुकी मासळी विकते आणि मी रसायनशास्त्र शिकतो. निदान कॉलेजच्या ओळखपत्रावर तसं लिहिलेलं आहे. त्यात मी लिहिणार आहे ते नायजेरियातल्या जेवणाबद्दल. तो देश मी फक्त नकाशात पाहिलाय. पदार्थांची नावं मी कदाचित चुकीची लिहीन, कृती उलटसुलट सांगेन. पण परीक्षा पुन्हा आल्यात, धक्क्याजवळच्या मासळी वाळवायच्या खळ्यांवर जवळा पुन्हा पसरलाय, आणि पुस्तक उघडलं की गेल्या वर्षीचं एक छोटंसं स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे येतं. ते कुठेतरी ठेवून द्यावं म्हणून लिहितो.

आमच्या दिवाळे गावात एप्रिल-मे महिने नाकाने ओळखावे लागतात. झाडांकडे बघून काही कळत नाही, कारण झाडं उरलीत कुठे! पण सकाळी दार उघडलं की तो वास येतो. आधी ओला, खाडीचा. मग ऊन चढतं तसा कोरडा, भाजल्यासारखा. जवळा म्हणजे नखाच्या कडेएवढी कोळंबी. ओली असते तेव्हा काचेसारखी. नुसते काळे डोळे दिसतात, जणू कुणी जमिनीवर मोहरी सांडलीय. कडक उन्हात सकाळी पसरली की संध्याकाळपर्यंत गुलाबी होऊन पायाखाली कुरकुरते. बोंबलाला टांगायला बांबूची वलांडी लागते, मोठ्या मासळीला मीठ लागतं. जवळ्याला काही लागत नाही, ऊन पुरतं. जवळा बिनमिठाचा असतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मीही तेच सांगितलं असतं. तेच सांगितलं.

गोजीताईचं खरं नाव न्गोझी. आईला ते पहिलं अक्षर जमेना, म्हणून तिने ते टाकून दिलं. गोजीताई नायजेरियात शाळेत शिकवायची. धाकट्या भावाला, ओबिनाला, घेऊन इथे आली होती. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आपली एक ती त्याला देणार होती. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या, परवानग्या, कागदांवर कागद चालले होते. आठवड्यातून तीन दिवस ओबीला मशीनला जोडायचे. त्यांनी आधी जुईनगरला एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तिथे दुसऱ्याच महिन्यात तक्रार झाली, की यांच्या स्वयंपाकाचा वास लिफ्टमध्ये येतो. एजंट त्यांना आमच्याकडे घेऊन आला, कारण आमच्या वरच्या खोलीला बाहेरून जिना आहे. तो आईला हळूच म्हणाला, "मावशी, आधीच सांगतो हां, वास येतो त्यांच्या जेवणाचा."

आई मासळी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "इथं वास नाय आला तर लोक इचारतात, घरात कोन आजारी हाय का. बोलव त्यांना."

आजारी होतंच घरात. पण ते तिला ती दोघं जिना चढताना कळलं. ओबी तिसऱ्या पायरीवर बसला, पाचवीवर बसला, आठवीवर बसला आणि हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी भाषांतर केलं, "तो म्हणतोय, पायऱ्या चांगल्या आहेत, प्रत्येकीवर बसून बघतोय." चोवीस वर्षांचा होता. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा.

गोजीताईच्या एका बॅगेत कपडे होते, दुसरीत स्वयंपाकघर. तिने ती आमच्या ओटीवर उघडली तेव्हा शेजारच्या चार बायका जमल्या. एगुसीच्या बिया, चपट्या आणि पांढऱ्या. ओग्बोनो नावाचं पीठ, जे पाण्यात पडलं की चिकट होतं. वाळवलेली कडू पानं. लाकडासारखा टणक मासा. लाल पामतेलाची बाटली, उन्हात धरली तर शेंदरासारखी. शेवटी कॉफीच्या जुन्या बरणीत तपकिरी पूड. आईने बरणीचं झाकण काढलं, नाक लावलं आणि एकदम ओरडली.

"अग्गो! हा तर आपला जवलाच!"

"क्रेफिश," गोजीताई म्हणाली.

"काय पन म्हन. जवला हाय. फक्त धुरी दिलेला हाय." आईने बरणी माझ्या नाकाखाली धरली. "तू शिकलेला ना? वास घे. सांग तिला, माझ्याकरं दोन गोन्या परल्यात."

त्या दिवसापासून वरचं आणि खालचं स्वयंपाकघर एक झालं. बॅगेतलं सामान संपत आलं होतं आणि तिकडून मागवलेलं विमानतळावर अडकलं होतं. मग दोघी बायका एकमेकींना पदार्थ दाखवत शोध लावत बसल्या. एगुसी संपली तेव्हा आईने वाण्याकडून मगज आणला, बर्फीवर लावतात तो. गोजीताईने तो वाटला, पामतेलात कांद्याबरोबर परतला, थांबली, वास घेतला आणि मान हलवली: चुलत भाऊ आहे, सख्खा नाही. तिकडच्या पालेभाजीऐवजी परसातल्या भोपळ्याची कोवळी पानं आली. ओग्बोनोऐवजी भेंडी. कडू पानांऐवजी मेथी घातली तर ती म्हणाली, "ही फारच सभ्य आहे," आणि कारल्याच्या वेलाची पानं खुडून आणली. आईने नारळाची सोडणं पेटवून जवळ्याला धुरी दिली. धूर गल्लीभर झाला. ओबी वरच्या खिडकीतून आईला ओरडून म्हणाला, "ममा, बस स्टॉपपर्यंत वास जातोय, पुढची बस थांबणार नाही!"

मी मध्ये बसून भाषांतर करायचो. पहिल्या आठवड्यात माझं इंग्रजी अडखळायचं आणि गोजीताई शाळेतल्या बाईंसारखी थांबून वाट बघायची. मांडीवर सतत पुस्तक असायचं म्हणून मला ती प्रोफेसर म्हणायची. आधी वाटलं चेष्टा करते. मग लक्षात आलं, चेष्टा करते तेव्हाही तिला ते खरं व्हावंसं वाटतं. मला घरात तसं कधी कुणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे माझ्या शिक्षणाबद्दल सगळे जरा दबकून बोलतात, मोठ्या आवाजात बोललं तर उडून जाईल असं.

सगळ्यांत मोठा शोध उकडीचा. आई तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढत होती. गोजीताई बाजूला उभी होती. तिने परातीतला गरम गोळा उचलला, दोन तळव्यांत फिरवला, अंगठ्याने त्यात खळगा केला आणि तसाच तोंडात टाकला. न चावता गिळला. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झाला? भाजला काय?" आई घाबरली.

गोजीताईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "हेच तर आम्ही खातो." तिकडे हा गोळा रताळ्यासारख्या मोठ्या कंदाचा असतो, नाहीतर कसाव्याचा. पण कंदमुळं ओबीला बंद होती, किडनीवाल्यांना ती चालत नाहीत. तांदूळ चालत होता. म्हणजे तीन महिन्यांत पहिल्यांदा भावाच्या हातात असं काही देता येणार होतं, जे घरच्यासारखं धरता येईल. आईने ते ऐकलं आणि उरलेल्या उकडीची भाकरी केलीच नाही. सगळे गोळे वर गेले.

ओबीने दोन घास खाल्ले. आई दारात उभी राहून अस्वस्थ होत होती. "चाव ना रे! गिलतो काय? सांग त्याला चावाला!"

"ममा, चावलं तर आमची आई मारते," ओबी म्हणाला.

मला हे सगळं आनंदाचं लिहिता येतंय, पण ते तसं नव्हतं. हे सगळं एका वजनकाट्यावर चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओबीच्या अंगात मांस नाही. असाच राहिला तर ऑपरेशन झेपणार नाही, टाके धरणार नाहीत. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तोवर त्याने खायला हवं होतं आणि तो खात नव्हता. मीठ बंद होतं. पाणी दिवसाला मोजून. पालेभाजी आधी उकळून पाणी फेकायचं आणि मग शिजवायची. एवढं केल्यावर पानात जे उरतं, त्याला ओबी म्हणायचा, "मी रंग खातोय. आज लाल आहे, काल हिरवा होता." एकदा त्याने मला जवळ बोलावून गंभीरपणे विचारलं, "प्रोफेसर, खरं सांग, तुमच्या देशात मिठाचा शोध लागलाय ना?" मी हसलो. त्याच्या खिडकीतून खाडी दिसत होती.

पहिले दोन घास तो जिद्दीने खायचा. तिसरा हातात धरून बसायचा. चौथा नसायचाच. गोजीताई समोर बसून त्याच्या हाताकडे बघायची. मी पुष्कळ माणसं जेवताना पाहिलीत, पण कुणी जेवत असताना दुसरं माणूस इतकं थकलेलं पाहिलं नाही. धुरी दिलेला जवळा एवढ्यासाठीच मोलाचा होता. आहाराच्या मॅडमनी कपाळाला आठ्या घालून चमचाभर पूड चालेल म्हटलं होतं, बिनमिठाची असेल तर. त्या चमच्यात चव होती, तिकडचा वास होता. त्या चमच्यामुळे एक घास जास्त जायचा. कधी दोन.

यंदाही ऊन तेच आहे. आई सकाळी टोपली घेऊन जुईनगरला जाते, स्टेशनबाहेर बसते. परवा एक बाई तिच्यासमोर रुमाल नाकाला लावून गेली आणि आई मला सांगत हसत होती, "रुमाल लावला, पन आर्धा किलो घेतला." मी तिला विचारलं नाही, पण मला वाटतं तिला त्या क्षणी वरची खोली आठवली असणार. तिथे आता कोपरखैरण्याहून आलेलं एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. शाकाहारी आहेत, खिडक्या लावून घेतात.

आता ती दुपार सांगायला हवी.

परीक्षेला सहा दिवस होते. मी खळ्याच्या कडेला पत्र्याच्या सावलीत बसून पाठ करत होतो. आई बाजारात होती. शेजारची हिराकाकी आणि आई एकाच खळ्यावर माल टाकतात. दोन वाजता एकाएकी ऊन गेलं. वर बघितलं तर खाडीच्या बाजूने आभाळ भरून आलेलं. पाऊस नव्हता, नुसती घुसमट. अशा वेळी जवळा वाळत नाही, आंबतो आणि संध्याकाळपर्यंत सगळा माल फेकायच्या लायकीचा होतो. तेवढ्याचसाठी, वर्षातून एकदा-दोनदा, बायका जवळ्यावर मीठ टाकतात. मीठ पाणी ओढून घेतं आणि माल तरतो. असा खारा माल वेगळ्या गोणीत भरायचा आणि गोणीच्या तोंडाला लाल सुतळी बांधायची. त्याला गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा. लाल सुतळी म्हणजे खारा, साधी पांढरी सुतळी म्हणजे बिनमिठाचा. आमच्याकडे कुणी याच्यावर लिहीत नाही, बोलतही नाही. सुतळी बघतात.

"आरं ए शिकलेल्या! आभाल आलाय, दिसतंय ना पुस्तकातून?" हिराकाकी मिठाची बादली ओढत आली. "ऊठ, टाक मीठ. तुझ्या आयशीचा माल जाईल."

मी पुस्तक काखेत धरून मीठ टाकलं. माझा हात कसा पडत होता ते बघून ती म्हणाली, "एवरा शिकून मीठ टाकाला येत नाय? मूठ उघर, मूठ! पैशे वाटतोस काय?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. मीठ पाणी का ओढतं याची व्याख्या त्या वेळी माझ्या तोंडात होती. त्याच पानावर माझं बोट होतं.

दुसऱ्या दिवशी माल गोळा करताना हिराकाकी म्हणाली, "खारी गोनी तू बांध, मी ह्यो आधीचा बिनमिठाचा बघते." मी गोणी भरली. सुतळीचे दोन गुंडे पडले होते. मी पुस्तकातून डोळे न काढता जो हाताला लागला तो घेतला. पांढरा होता. गोणी घरात आणून दाराजवळ ठेवली, बाकीच्या गोण्यांच्या पुढे.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी गोजीताई वाटी घेऊन जिना उतरली. "प्रोफेसर, ममा कुठे? क्रेफिश संपली." आई बाजारातच होती. मी उठलो, पुढची गोणी सोडली, वाटी भरून दिली.

"नेहमीचीच? मीठ नाही?"

"नो सॉल्ट," मी म्हणालो. पुढचा प्रश्न पाठ करत होतो.

धुरी द्यायला आई नव्हती म्हणून गोजीताईने जवळा तव्यावर भाजला आणि मिक्सरला लावला. त्या दिवशी एगुसीसारखं मगजाचं कालवण होतं, भोपळ्याची पानं घातलेलं, पामतेलाचा तवंग असलेलं. मी खाली वाचत होतो. थोड्या वेळाने वरून भांड्यांचे आवाज आले. मग ओबीचा आवाज, मोठा, काहीतरी मागणारा. मी धावत वर गेलो, वाटलं त्याला काही होतंय. तो जेवत होता. त्याच्या पुढ्यात दुसरा गोळा होता. अंगठ्याने खळगा करून, कालवण भरून, तो एकामागून एक घास गिळत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. गोजीताई समोर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तिने वळून बघितलं नाही.

संध्याकाळी आई आली तर ओबीनेच खिडकीतून दोन बोटं दाखवली. "टू, ममा! टू!" आईने टोपली खाली ठेवायच्या आधी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशीही तो जेवला. तिसऱ्या दिवशीही. मला अभिमान वाटला. आपण हातात पुस्तक धरूनही एका माणसाच्या उपयोगी पडलो असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. मी चपला घालत होतो तर गोजीताई जिन्यातून माझं नाव घेऊन ओरडली. प्रोफेसर नाही, माझं नाव. ओबी भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते, पावलं फुगली होती, आणि श्वास घेताना आतून पाण्याचा आवाज येत होता. रिक्षात मी त्याला धरून बसलो. तो बोलायचा प्रयत्न करत होता. मी म्हटलं, नको बोलूस. त्याने ऐकलं.

हॉस्पिटलात त्याला आत नेलं. बाहेर आहाराच्या मॅडम आल्या. गोजीताईशी त्या इंग्रजीत बोलल्या, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तुमच्याकडचीच ना रे ती सुकी मासळी? सुक्या मासळीत मीठ असतं ना?"

"जवळ्यात नसतं, मॅडम," मी म्हणालो.

आणि ते म्हणत असतानाच मला माझा हात दिसला, मूठ उघडलेली, गुलाबी जवळ्यावर पांढरं पडताना. वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं होतं. वाक्य खरंही होतं. जवळ्यात मीठ नसतं. फक्त त्या गोणीत होतं. मॅडमनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. मला अजून वेळ होता. त्या वळल्या, चार पावलं गेल्या, दरवाज्यापाशी कुणाशी तरी बोलत थांबल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. मग त्या आत गेल्या.

मला माहीत आहे की एवढ्यानेच सगळं झालं असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की फुप्फुसात पाणी होतं, त्यावर जंतुसंसर्ग झाला, आणि मुळात हृदय आधीच थकलेलं होतं. हे असं कधीतरी होणारच होतं, असं एक तरुण डॉक्टर गोजीताईला म्हणाला. मी ते वाक्य किती वेळा घोळवलंय. कधीतरी. पण ते ऑपरेशननंतर झालं असतं, नाहीतर झालंच नसतं, याला त्या शब्दात जागा नाही. ओबी सतरा दिवस आत होता. तारीख येऊन गेली. नंतर डॉक्टर म्हणाले, आता हे हृदय भूल सोसणार नाही. बहीण द्यायला तयार होती, कागद तयार होते, आणि घेणारं शरीरच नाही म्हणालं.

त्या गोणीचं मी काय केलं? हॉस्पिटलातून आलो आणि सुतळी बदलली. लाल बांधली. दोन दिवसांनी हिराकाकीने खळ्यावर विचारलं, "वरचा पोरगा कसा हाय रे? जवला आपलाच खात हुता ना?" मी म्हटलं, हो. तिने जरा थांबून विचारलं, "खारी गोनी वायली ठेवलीवतीस ना?" मी म्हटलं, हो. ती झाडू घेऊन खळं झाडायला लागली, जिथे काही पडलेलं नव्हतं तिथेही.

ते जूनच्या आधीच परत गेले. जाताना गोजीताईने उरलेलं पामतेल आईला दिलं आणि आईने तिला मगज, मेथी, एक किलो जवळा बांधून दिला. तो देताना आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग तिला, घरी नेऊन घाल त्याला. माझ्या हातचा धुरीचा हाय. बिनमिठाचा." मी सांगितलं. गोजीताईने पुडी घेतली, छातीशी धरली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ओबीला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवावं लागलं. या वेळी त्याला पायऱ्या बघता आल्या नाहीत. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. मला वाटलं काहीतरी गंमत करेल. तो म्हणाला, "पेपर बुडाला ना तुझा? पुन्हा दे." गाडी गेली.

मी तो पेपर ऑक्टोबरात दिला. मीठ पाणी का ओढतं हा प्रश्न होता. पूर्ण गुण मिळाले.

वर्षभरात मी गोजीताईला कितीतरी निरोप लिहिले. इंग्रजीत लिहायचे म्हणून आधी मराठीत लिहायचो, मग भाषांतर करायचो, मग खोडायचो. मराठीत लिहिलं की ते कबुलीसारखं दिसायचं आणि इंग्रजीत केलं की अर्जासारखं. "कसे आहात" एवढंच पाठवायचो. त्यालाही उत्तर यायचं नाही. आई विचारायची, "गोजीचा काय आला का?" मी म्हणायचो, नेटवर्क नसेल. आई म्हणायची, "असंल. खाईत असंल ना तो?" आईला अजून माहीत नाही. तिला वाटतं, तिच्या जवळ्याने एक माणूस तीन दिवस जेवला.

गेल्या आठवड्यात पुन्हा आभाळ आलं. मी मीठ टाकलं, नीट, मूठ उघडून. माल गोळा करताना हिराकाकीने लाल सुतळीचा गुंडा माझ्याकडे फेकला. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "या वर्साला इसरू नको."

म्हणजे तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि तिने आईला सांगितलं नाही, मलाही नाही. मी तिथेच खळ्यावर बसलो आणि फोनवर लिहिलं, पहिल्यांदाच भाषांतर न करता, तुटक्या इंग्रजीत. की मीठ मी टाकलं होतं. गोणी मी चुकीची बांधली होती. तू विचारलंस तेव्हा मी पुस्तकातून मान वर केली नाही. हॉस्पिटलात मला आठवलं होतं आणि मी बोललो नाही. पाठवलं. मग फोन उलटा करून ठेवला आणि गोणी बांधली.

सहा दिवस काही आलं नाही. काल सकाळी, मी परीक्षेचा अर्ज भरत असताना, तिचा निरोप आला. तो जसा होता तसा मराठीत लिहितो.

"प्रोफेसर, ओबी गेला. आम्ही घरी पोचल्यावर एकोणीस दिवसांनी. तुझ्या ममाला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी कशालाच उत्तर दिलं नाही. तू मिठाचं लिहिलंस. मला ते तेव्हाच कळलं होतं. त्याला वाढायच्या आधी मी चाखून बघितलं होतं. वाटलं, एक घास देऊन ताट काढून घेईन. त्याने तो घास खाल्ला आणि आणखी मागितलं. वर्षभरात त्याने आणखी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वाटीत तीच पूड पाहिली, चाखली, आणि पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशीही."